आमची वाटचाल : बिडापासून सांध्याच्या पाण्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं काम. मायक्रोस्कोप दुरुस्तीला आमच्या शेडमध्ये आला तो फौंड्रीवाल्यांमुळं. बिडातलं, म्हणजे ओतीव लोखंडातलं, ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं आहे की गोळ्यांसारखं, हे त्यांना पॉलिश केलेल्या तुकड्यावर बघावंच लागतं, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरतेच धरते. शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींमधली यंत्रं खोलता-जोडता या कामात हात बसला. मग पॅथॉलॉजी लॅबवाले यायला लागले.

पोलरायझरची जोडी हा आमचा पहिला स्वतःचा माल. एक फिल्टर नमुन्याखाली, दुसरा वर, एकमेकांशी काटकोनात. मधे काही नसेल तर मिट्ट काळोख. प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलणारा पदार्थ आला की तेवढाच चमकतो. खालच्या फिल्टरची पितळी रिंग आम्ही लेथवर काढतो. सगळी कसोटी लॉक स्क्रू आवळताना लागते, कारण रिंग केसभर जरी सरकली तरी काळोख राखाडी होतो.

लॅबमध्ये याचा खरा उपयोग गाऊटला, म्हणजे युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजण्याच्या आजाराला. सांध्यातून काढलेल्या पाण्यात युरेटच्या, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराच्या, सुया लखलखतात. रेड प्लेट, म्हणजे रंग पालटून दाखवणारी पट्टी, मधे सरकवली की तिच्या अक्षाला समांतर असलेली सुई पिवळी, काटकोनात असलेली निळी. रंग उलटे आणि स्फटिक आखूड, चौकटीसारखे दिसले तर तो स्यूडोगाऊट, म्हणजे गाऊटसारखाच वाटणारा पण वेगळ्या स्फटिकांचा आजार. मॅक्कार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी १९६१ साली ही पद्धत दाखवली, ती अजून चालते.

कोरोनात फोन सुरू झाले. "भावा, लाळंतला व्हायरस दिसतोय काय तुझ्या मशिनीत?" नाही दिसत. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मजल सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत, कोरोनाचा विषाणू १००च्या आसपास. एका व्यापाऱ्याला खोक्यावर 'व्हायरस डिटेक्शन' छापून हवं होतं, ऑर्डरही घसघशीत होती. आम्ही छापलं नाही. बायको हिशेब बघते, तिनंही हट्ट धरला नाही.

तरी पोलरायझरनं विषाणू ओळखायचा विषय थोतांड नव्हे. तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूचा दाट द्रव पोलरायझरखाली चमकतो, हे १९३६ पासून माहीत आहे. पण तिथं काड्यांसारखे असंख्य विषाणू शिस्तीत एका दिशेनं असतात. लाळेत तसं कुठलं? म्हणून संशोधक आडवाटेनं जातात. काचेवर अँटीबॉडी, वर लिक्विड क्रिस्टलचा, म्हणजे वाहता असूनही कण शिस्तीत मांडलेल्या पदार्थाचा, थर. विषाणू चिकटला की थराची मांडणी बिघडते आणि उजेड बदलतो. अडचण अशी की लाळेतली, रक्तातली इतर प्रथिनंही चिकटतात आणि तसाच गोंधळ घालतात.

असं काम करणारी कॉलेजची मुलं हल्ली आमच्याकडं येतात. त्यांचं ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल ३५ अंशांच्या आसपास मांडणी सोडतं, सगळं काळं पडतं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी तर हमखास. त्यासाठी आत पाणी फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची स्टेज, म्हणजे नमुन्याची काच ठेवायची बैठक, सध्या लेथवर आहे. गळती थांबली की किंमत ठरवू.