चिकटून राहणाऱ्या पेशी

रविवार असूनही सकाळी लॅब गाठली. पेशींना कुठे सुट्टी कळते! फ्लास्कमधलं गुलाबी मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, पिवळसर दिसलं की समजायचं, आम्ल साठलंय, बदला.

अस्थिमज्जा फ्लास्कमध्ये सोडली की रक्तपेशी बहुतेक तरंगत राहतात, धुताना निघून जातात. तळाला चिकटून उरतात त्या माझ्या स्ट्रोमल, म्हणजे ऊतीला आधार देणाऱ्या, पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. १९९१ साली जीवशास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेनकायमल स्टेम सेल' म्हटलं आणि नावाचा घोळ सुरू झाला. चिकटणारी प्रत्येक पेशी काही मूळपेशी (स्टेम सेल) नसते. शेवटी २०१७ मध्ये खुद्द कॅप्लन यांनीच 'नाव बदला' म्हणून लिहिलं. मी तरी 'स्ट्रोमल'च म्हणते.

दोन महिन्यांपूर्वी या पेशींपासून चरबीपेशी बनवायला ठेवलेली प्लेट बुरशीने खाल्ली. तीन आठवडे पाण्यात. चूक माझीच, पिपेटचं टोक कडेला लागलं होतं आणि मी 'चालतंय' म्हणून पुढे गेले. आज नव्या प्लेटवर ऑइल रेड ओ, म्हणजे चरबीला लाल करणारं रंगद्रव्य, ओतलं, धुतलं, पाहिलं, तर पेशींच्या पोटात लालभडक थेंबच थेंब! प्लेटवरच्या शेजारच्या वेलमध्ये (खळग्यात) मात्र जेमतेम दोन-तीन. अस्थिमज्जेचा दाता तोच, मीडियमही तेच. उद्या पुन्हा मोजणार.