शर्टाचा रंग

काल रात्री जाऊबाईंच्या हट्टापायी पोर हरवलेल्या आईचा थ्रिलर बघितला. आणि आज दुपारी बेळगावात, गणपत गल्लीतल्या गर्दीत तेच समोर! एक बाई लेकाला हाका मारत होती, आधी मराठीत, मग कन्नडात. लोक जमले. "शर्ट कुठला होता?" तिला आठवेना. निळा म्हणाली, मग नाही नाही, हिरवा. लगेच एकजण, "पोरगं बरोबर आणलं होतंस तरी का, बाई?" माझं डोकंच फिरलं. थोड्या वेळात पोरगं बांगड्यांच्या दुकानात सापडलं. शर्ट पिवळा.

सिनेमावाले नेमकं हेच वापरतात. पोर कुठं आहे ते राहतं बाजूला, आईचं डोकं ठिकाणावर आहे का यावरच सगळा खेळ. अती वाटतं ना? पण १९२८ साली लॉस एंजेलिसमध्ये ख्रिस्टीन कॉलिन्सला तिच्या ९ वर्षांच्या वॉल्टरऐवजी पोलिसांनी भलताच मुलगा आणून दिला. हा माझा नव्हे म्हणत ती वॉल्टरच्या दातांच्या नोंदींचे कागद घेऊन गेली, तर तिलाच मनोरुग्णांच्या वॉर्डात टाकलं. पुढं त्या पोरानंच खरं काय ते सांगितलं. वॉल्टर काही परत आला नाही.

आपल्याकडं अजून लोक म्हणतात, २४ तास थांबून मग पोलिसांत जा. तसला काही नियम नाही. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायलाच सांगितलंय. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबरही आहे.

जाऊबाईंना आज दुसरा थ्रिलर हवाय. मी रिमोट लपवलाय.