शून्य खाडे

2023 च्या एप्रिलमधली गोष्ट. जोतिबाची यात्रा होऊन आठवडा उलटला होता. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या बाजूला लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या ज्या फाउंड्रीत मी आठवड्यातून दोनदा डॉक्टर म्हणून जायचे, तिथल्या साहेबांचा पारा चढलेला होता. यात्रेला मोल्डिंगची निम्मी माणसं गायब, त्यात गावोगाव म्हाई-जत्रा सुरू. "मॅडम, या खाड्यांचं कायतरी करा. नुसत्या गोळ्या वाटून काय होतंय?"

मी लगेच हो म्हणाले. सोशल मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकलेल्या माणसाला सर्दी-खोकल्यापलीकडचं काही चघळायला मिळालं की बरं वाटतं.

टाइम ऑफिसनं मला खाड्यांची यादी काढून दिली. ती वरून खाली लावलेली होती एका सूत्रानं, ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणतात त्याला. माणूस वर्षात किती वेळा गैरहजर राहिला त्या आकड्याचा वर्ग करायचा आणि गैरहजेरीच्या एकूण दिवसांनी गुणायचं. टायफॉइड होऊन कुणी सलग दहा दिवस घरी राहिला तर त्याचे गुण दहा. एकेक दिवसाचे दहा सुटे खाडे मारले तर थेट हजार. सुट्या खाड्यांनी लाइन बंद पडते, म्हणून हे गणित कंपन्यांना आवडतं. माझ्यापुरतं सांगायचं तर यादीत सगळ्यात वर कोण ते ठळक दिसत होतं. खालची शून्यवाली माणसं शेवटच्या पानावर, आणि ते पान प्रिंटरनं अर्धवटच काढलेलं.

"वरच्या वीस जणांना धरा मॅडम," टाइम ऑफिसवाले म्हणाले. मी म्हटलं, खालचेही पाच-सहा द्या, तुलनेला कुणीतरी नको का? त्यांना ते काही पटलं नाही, पण नावं दिली.

प्रश्नावली माझी नव्हती. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठानं 1998 साली 45 कंपन्यांमधल्या बारा हजारांवर कर्मचाऱ्यांचा कामावरचा थकवा मोजायला घेतला. त्यात वापरलेली ही वीस वाक्यांची मोजपट्टी. प्रत्येक वाक्याला एक ते सात गुण, म्हणजे कमीत कमी 20 आणि जास्तीत जास्त 140. बेरीज 76 च्या वर गेली की त्या माणसाकडं लक्ष द्यायचं. मी तिचं कामचलाऊ मराठी केलं. 'मला थकवा जाणवतो.' 'मी थकलेला असतो.' पहिल्या खेपेला पंधरा जणांना विचारलं, पंधराही ठणठणीत. कोअर शॉपमधल्या एकानं तर तोंडावर विचारलं, "थकायला मी काय म्हातारा हाय व्हय?"

चूक माझीच होती. आमच्याकडं माणूस थकतो तो साठीनंतर. 'आबा लई थकलेत आता' म्हणजे आबांचं आता काही खरं नाही. सोसायटीचा हप्ता थकतो, पाणीपट्टी थकते. तरणा गडी दमतो. त्याचं अंग मोडून येतं, पाय भरून येतात, कणकण वाटते, पण तो थकत नाही. आमच्या सिस्टर कागलच्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही ऱ्हाऊ द्या. 'दमलायसा का' असं मी विचारतो." (आमच्याकडच्या बायका 'जातो-येतो'च म्हणतात. पुण्याहून आलेल्या एचआरच्या मुलीला सिस्टरांचं बोलणं अंगवळणी पडायला महिना लागला.) सिस्टरांनी विचारल्यावर त्याच पंधरातले निम्मे खुर्ची ओढून बसले आणि बोलतच सुटले.

शास्त्रशुद्ध करायचं तर असं भाषांतर दुसऱ्याकडून उलट करून घेऊन पडताळावं लागतं. तेवढा वेळ नव्हता. म्हणून माझे आकडे मी कुठं छापले नाहीत, इथंही देत नाही.

तर तो दिवस. तिसऱ्या पाळीची माणसं सातला सुटतात, त्यांना गाठायचं म्हणून मी पहाटेच निघाले. तावडे हॉटेलच्या चौकात चहाच्या गाड्यावर आत्ताशी स्टोव्ह पेटत होता. पंचगंगेच्या पुलावर सगळी मोटारसायकलींची रांग, पहिल्या पाळीला निघालेली, प्रत्येकाच्या हँडलला डबा. कंपनीची फर्स्ट एडची खोली टाइम ऑफिसला लागून आहे. शेकआउट, म्हणजे साचा हलवून ओतीव माल सुटा करायचं मशीन, चालू असलं की तिच्या खिडकीची काच थरथरते आणि स्टेथोस्कोपमधून छातीपेक्षा मशीनच जास्त ऐकू येतं.

पहिला आला तो यादीत सगळ्यात वरचा. सत्तावीस वर्षांचा, मोल्डिंगवाला. रक्तदाब 118/76, झोप आठ तास. दमलायस का विचारलं तर म्हणाला, "दमलो की येतच न्हाई की. झोपतो. पगार कापत्यात, कापू देत." साहेबांच्या हिशेबानं हा कारखान्यातला सगळ्यात मोठा रोगी. माझ्या खोलीत त्या सकाळी तोच एक धडधाकट निघाला.

त्याच्या मागून मामा आले. वय पंचेचाळीस, पण फर्नेसवर वीस वर्षं काढलेल्याला सगळे मामाच म्हणतात. यादीतला शून्यवाला. अकरा वर्षांत एकही खाडा नाही. खंडेनवमीला पूजा झाली की स्टेजवर शाल-नारळ ठरलेला.

"मामा, वीस वाक्यं वाचते. एक ते सात सांगायचं."

"लिवा एक. सगळ्यास्नी एकच लिवा. बरं हाय आपलं."

बरं, म्हटलं, रक्तदाब तरी घेऊ. दंडाला पट्टा बांधला. हातावर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, तीळ सांडावेत तसे. नखांत काळी रेती. पट्ट्यात हवा भरत होते, एकशे साठ, एकशे ऐंशी, आणि माझ्या लक्षात आलं की दंड जड झालाय. वर बघितलं तर मामांची मान छातीवर. क्षणभर माझ्याच काळजाचा ठोका चुकला. मग घोरण्याचा आवाज आला. रक्तदाब 186/112.

दहा मिनिटांनी पुन्हा घेऊ म्हणून तसंच राहू दिलं. बाहेर सातचा भोंगा झाला तसे दचकून उठले आणि पहिलं वाक्य बोलले, "हीट निघाली काय?" हीट म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाची एक खेप.

मग आम्ही झोपेचा हिशेब मांडायला बसलो. मामांचा दीड एकर ऊस. शेतीची लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. कंपनीतली पाळीही आठवड्याला फिरते. मी कागदावर दोन ओळी ओढल्या, वर पाळी आणि खाली लाइट. पहिल्या पाळीच्या आठवड्यात लाइट रात्रीची आली, की रात्री उसाला पाणी पाजायचं आणि सातला पंच मारायचा. तिसऱ्या पाळीला लाइट दिवसाची आली, की रात्रभर भट्टी आणि दिवसभर बांध. शिवाय दोन म्हशी. सकाळची धार मालकीण काढतात, संध्याकाळची मामा, मग डेअरीला दूध.

"शेवटचं कधी झोपलात?"

"काल बाराच्या सुमाराला बांधावर पडलो हुतो की तासभर."

एकला उठले धरलं तर अठरा तास झाले होते. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी माणसं जागी ठेवून आणि दारू पाजून दोन्हींची तुलना केली होती. सतरा तास जागलेल्याचा हात-डोळ्याचा मेळ जेवढा बिघडतो, तेवढा तो 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असताना बिघडतो. आपल्याकडं गाडी चालवायला मर्यादा 30 मिलिग्रॅमची. कंपनीच्या गेटवर फुंकायचं यंत्र आहे, प्यायलेला माणूस आत सोडत नाहीत. मामा त्यात फुंकून रोज पास होत होते आणि चौदाशे अंशाच्या वरच्या लोखंडाची लेडल, म्हणजे ओतायची मोठी बादली, भरत होते.

औषधाचं विचारलं. गावातल्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी बीपीची गोळी दिलेली. आठवडाभर घेऊन बंद केली.

"का?"

जरा लाजले. सिस्टर बाहेर गेल्यावर म्हणाले, "मॅडम, ती गोळी खाल्ली की सारकं लगवीला हुतंय. हीट चालू असताना भट्टी सोडून कोण जाणार? म्हणून पाणी बी कमीच पितो."

माझ्या एमडीच्या पुस्तकात 'औषधोपचारात खंड' या मथळ्याखाली शिक्षणाचा अभाव, गैरसमज, पैशाची अडचण असं सगळं होतं. भट्टी सोडता येत नाही हे नव्हतं.

छातीत दुखत नव्हतं, धाप नव्हती. तरी कंपनीच्या गाडीनं ईसीजीला पाठवलं. मोटारसायकलची किल्ली आधी काढून घेतली, ते त्यांना फारसं आवडलं नाही. कागद आला तो हृदयाचा डावा कप्पा जाड होत चालल्याचा, म्हणजे रक्तदाब काल-परवाचा नव्हता. गोळी बदलून दिली, लघवी न वाढवणारी, आणि तीन दिवस विश्रांतीचं सर्टिफिकेट लिहायला घेतलं.

मामांनी माझं पेनच धरलं.

"कागद करू नका मॅडम."

पुढचं ऐकून मी पेन खाली ठेवलं, कारण माणूस अडाणीपणानं बोलत नव्हता, हिशेबानं बोलत होता. राज्य कामगार विम्यात आजारपणाचा भत्ता पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत. पण आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. तीन दिवस घरी राहिलं की हातात येणार एकाच दिवसाचे, तेही सत्तर टक्के. वर महिन्याचा हजेरी बोनस जाणार तो वेगळा. भरपगारी रजा शिल्लक होत्या, ढिगानं होत्या. पण ती रजा घेतली तरी बक्षिसातनं नाव कटतं, आणि न घेतली तर वर्षाअखेर तिचे पैसे होतात. मग कोण कशाला आजारी पडेल? दोन दिवसांचं आजारपण परवडतच नाही. परवडलं तर मोठंच परवडतं, आणि ते आलं की माणूस कामावर परत येईलच असं नाही.

लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर 1985 पासून व्हाइटहॉल-2 नावाचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यातला एक निष्कर्ष मला तोपर्यंत नुसता परीक्षेपुरता माहीत होता. तब्येत खराब असूनही तीन वर्षांत एकही आजारपणाची रजा न घेतलेल्या पुरुषांत पुढं गंभीर हृदयविकाराचं प्रमाण, तशाच तब्येतीच्या पण बेतानं रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. वाचलं तेव्हा ती टेबलातली एक ओळ होती. आता ती ओळ माझ्यासमोर बसून पेन सोडायला तयार नव्हती.

शेवटी सिस्टर धावून आल्या. "मामा, शाल किती झाल्या घरात?"

"धा-अकरा असतील."

"एकतरी पांघरलीसा का? एप्रिलात कशाला पायजे शाल? घ्या कागुद आन् जावा घरला." त्या कुणालाही असं बोलू शकतात. मी तेच बोलले असते तर उपदेश झाला असता.

दुपारी अहवाल तोंडी सांगायला साहेबांकडं गेले. यादी उलटी करून बघा म्हटलं, तुमचे धोक्याचे लोक शेवटच्या पानावर आहेत. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, मी खाडे वाढवायचे म्हणताय?" ऐकायला विनोद वाटतो, पण त्यांच्या बाजूनं प्रश्न खराच होता. ऑर्डर वेळेत नाही गेली तर गिऱ्हाईक पुढच्या फाउंड्रीत जातं. महिन्याभरात एवढं झालं की फर्नेसवर दर पाळीला एक रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आला आणि भट्टीजवळ पाण्याचा जार. हजेरीचं बक्षीस तसंच आहे. मी दोनदा पत्र लिहिलं, दोन्हींना पोच मिळाली.

चौथ्या दिवशी मामा परत आले, फिटनेसचा कागद घ्यायला. रक्तदाब 150/94. वाईट नव्हता, पण मी आणखी उतरेल म्हणून धरलं होतं.

"तीन दिवस झोपलात ना?"

"एक दिवस झोपलो की. दिस उगवल्यापास्नं मावळेपातुर. मालकीण दोनदा हलवून बघून गेली."

"आणि बाकीचे दोन?"

मामा माझ्याकडं जरा नवलानं बघायला लागले.

"लाइट दिवसाची हुती नव्हं, मॅडम."