हरवलेले 800 न्यूटन

अबॅकस म्हणजे यंत्राचा भाग लोड कितपत सोसतो ते संगणकावर तपासणारं सॉफ्टवेअर. त्याच्या 2024 च्या आवृत्तीत त्याच्या पोटातला पायथन, म्हणजे त्यात स्क्रिप्ट्स (छोटे प्रोग्राम) लिहायची भाषा, 2.7 वरून 3.10 वर गेला. पायथन 2.7 ला मिळणारा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 लाच संपला होता, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. आमच्या गटासाठी त्याचा अर्थ एवढाच, की वर्षानुवर्षं साचलेल्या सगळ्या स्क्रिप्ट्स उघडून नव्या पायथनवर चालत्या करायच्या. हे काम कुणालाच नको असतं. ते माझ्याकडे आणि एका तरुण सहकाऱ्याकडे आलं.

त्यातली एक स्क्रिप्ट म्हणजे गटाची कामधेनू. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या तक्त्यात, एकेका ओळीत पॅडची (ज्या चपट्या भागावर बल येतं त्याची) लांबी, रुंदी, प्लेटची जाडी आणि बल लिहायचं. स्क्रिप्ट ब्रॅकेटची भूमिती उभी करते, मेश करते (तिचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडते), लोड लावते, गणित सोडवणारा सॉल्व्हर चालवते आणि सर्वांत जास्त स्ट्रेस, म्हणजे भागाच्या आतला ताण, एका ओळीत छापते. रात्री लायसन्सचे टोकन मोकळे असताना लावून घरी जायचं, सकाळी तक्ता तयार. लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला. त्याने लिहिली म्हणणंही जरा जास्तच; माउसने केलेलं काम रेकॉर्ड करून त्याचे तुकडे शिवले होते. दाब कुठल्या पृष्ठभागावर लावायचा हे त्यात ‘[#20 ]’ असं लिहिलेलं. हा सोळाच्या पायातला मास्क, म्हणजे पृष्ठभागाचा क्रमांक सांगणारा सांकेतिक आकडा आहे: सोळातले 20 म्हणजे दहातले 32, म्हणजे दोनाचा पाचवा घात, म्हणजे शून्यापासून मोजत पाचव्या क्रमांकाचा पृष्ठभाग. एखादी फिलेट (गोलावलेली कड) नाहीशी झाली की क्रमांक सरकतात आणि दाब शेजारच्याच पृष्ठभागावर जाऊन बसतो, तोही काही तक्रार न करता. रेकॉर्डिंगच्या आधी एक पर्याय बदलला तर अबॅकस मास्कऐवजी निर्देशांक नोंदवतं. पण हा पर्याय माहीत असलेले लोक रेकॉर्डिंगवर विसंबत नाहीत आणि विसंबणाऱ्यांना तो माहीत नसतो. असे मास्क मी एकेक करून काढले. त्या सफाईचा मला अजूनही अभिमान आहे, पण या गोष्टीशी तिचा संबंध नाही.

ओरडणाऱ्या चुका लवकर संपल्या. प्रिंटला कंस नाहीत, एक्सरेंज, हॅजकी ही जुनी फंक्शन्स गायब. पायथन स्वतःच ओळ दाखवून थांबतो. मग कडांवर मेशचे बी पेरताना, म्हणजे कडेचे किती तुकडे ते ठरवताना, स्क्रिप्ट अडली. तिथे पूर्णांक हवा होता आणि भागाकारातून अपूर्णांक येत होता. पायथन 2 मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, 7/2 म्हणजे 3. पायथन 3 मध्ये ते 3.5 होतं.

माझ्या सहकाऱ्याने यावर अतिशय शिस्तीत उपाय केला. जुना कोड नव्यावर आणायला फ्यूचराइझ नावाचं साधन मिळतं. ते प्रत्येक भागाकाराच्या जागी ‘ओल्ड_डिव्ह’ नावाचं फंक्शन बसवतं: दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर जुन्यासारखा पूर्णांकी भागाकार, नाहीतर साधा. त्याने ते वापरलं आणि फंक्शन आमच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवलं. वर्तन बदलायचं नाही, हा त्याचा मुद्दा. सरांनी दिलेली कसोटीही तीच होती: जुनी आणि नवी स्क्रिप्ट चालवा, आकडे जुळले की सही.

तुलनेचा तक्ता आला. एक ओळ सोडून सगळा हिरवा.

ती एक ओळ पिवळी होती, स्ट्रेसमध्ये काही टक्क्यांचा फरक. सगळं लक्ष तिच्याकडे गेलं आणि कारणही सुरेख निघालं. 8 मिमी प्लेट, म्हणून तिच्या निम्मी 4 मिमी रिब (आधाराची बरगडी), एलिमेंटचा आकार 1.6, भागाकार 2.5. जाडीत किती एलिमेंट घ्यायचे ते ‘राउंड’ ठरवत होता. पायथन 2 मध्ये 2.5 चे 3 होतात. पायथन 3 बरोबर अर्ध्यावरच्या आकड्याला जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणजे 2. मेश विरळ झाली, शिखराचा स्ट्रेस बदलला. सर खूश. “हे रिपोर्टमध्ये नीट लिही,” म्हणाले.

लिहिण्याआधी फरक फक्त मेशमुळे आहे याची खात्री हवी होती, म्हणून दोन्ही मॉडेल्समध्ये लोड सारखाच लागलाय का ते पाहिलं. स्थिर विश्लेषणात याचा सोपा ताळा असतो. जिथे ब्रॅकेट घट्ट धरलाय त्या सगळ्या नोड्सवरच्या (मेशच्या बिंदूंवरच्या) प्रतिक्रियांची बेरीज करायची. ती लावलेल्या बलाएवढीच आली पाहिजे, दिशा तेवढी उलट. ओडीबी (निकालांची फाइल) उघडायची, शेवटची फ्रेम, आरएफ (प्रतिक्रियांची बलं), धरलेल्या नोड्सचा सेट, बेरीज. पाच-सहा ओळींचं काम.

जुन्यात 4200. नव्यात 4200. अगदी तंतोतंत जुळले.

सीएसव्हीत बल 5000 होतं.

यानंतर मी बराच वेळ चुकीच्या जागी शोधत होतो: धरलेला एखादा भाग सेटमधून सुटलाय का, संपर्कातून बल कुठे जातंय का. उत्तर मात्र स्क्रिप्टच्या सर्वांत निरुपद्रवी ओळीत होतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. पॅड 60 बाय 35, क्षेत्रफळ 2100 चौरस मिमी. 5000 भागिले 2100 म्हणजे 2.38 एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी). पूर्णांकी भागाकारात 2. दोन गुणिले 2100, बरोबर 4200.

सीएसव्हीतला मजकूर ‘इव्हॅल’ या फंक्शनमधून आकड्यात बदलला जात होता, त्यामुळे ज्याने 60 लिहिलं त्याला पूर्णांक मिळाला आणि ज्याने 60.0 लिहिलं त्याला अपूर्णांक. म्हणजे एकाच ब्रॅकेटची दोन उत्तरं, कोण कसं टाइप करतो त्यावर. यावरचा एका ओळीचा इलाज, ‘फ्यूचर’मधून ‘डिव्हिजन’ आयात करणं, पायथन 2.2 पासून, म्हणजे 2001 पासून उपलब्ध आहे. फाइलच्या डोक्यावर ती ओळ असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

सर्वांत जास्त राग आला तो पुढची ओळ वाचून. दाब शून्य आला तर बलाला 1.0 ने गुणून (म्हणजे अपूर्णांक करून) पुन्हा भागाकार करा, असं तिथे लिहिलं होतं. म्हणजे कुणीतरी मोठा पॅड दिला होता, 80 बाय 65, क्षेत्रफळ 5200. 5000 भागिले 5200 शून्य. ब्रॅकेटवर लोडच नाही, सगळं चित्र निळं, म्हणजे स्ट्रेस शून्य. त्या माणसाला कारण कळलं होतं, कारण 1.0 ने गुणायचं त्याला सुचलं. आणि तरी त्याने फक्त शून्याचीच सोय केली. 2.38 चे 2 होताना चित्र निळं पडत नाही ना.

मी ओल्ड_डिव्ह काढून साधा भागाकार ठेवला, मेश जुन्याइतकीच केली आणि तक्ता पुन्हा काढला. आता बऱ्याच ओळी लाल. पण 9 मिमी प्लेटच्या ओळीत फरक फक्त 6 टक्क्यांच्या आसपास. लोड 19 टक्के वाढला आणि स्ट्रेस एवढाच? तिथे दुसरा भागाकार लपला होता. रिबची जाडी प्लेटच्या निम्मी: 9 भागिले 2, जुन्या हिशोबात 4, खरी 4.5. लोड कमी आणि रिबही पातळ. एक चूक स्ट्रेस उतरवत होती, दुसरी चढवत होती, आणि दोघी मिळून असा आकडा देत होत्या की कुणालाही तो मेशचा फरक वाटावा. सरांनाही तेच वाटलं. “सॉल्व्हर बदललाय, एवढं चालतं,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी 4200 दाखवल्यावर ते गप्प झाले आणि मग एकच प्रश्न विचारला, जो मलाही छळतोय: “मागचे रिपोर्ट किती?”

मागच्या ओडीबी फाइल्स उघडणंही सरळ नव्हतं. जुन्या आवृत्तीची फाइल नव्यात आधी अपग्रेड करावी लागते आणि मूळ फाइलला हात न लावता वेगळी प्रत करावी लागते. त्याची स्क्रिप्ट मी लिहिली: अपग्रेड लागतो का विचार, लागला तर प्रत कर, आरएफची बेरीज घे, सीएसव्हीतल्या बलाशेजारी छाप. बेरजेसाठी एकेक नोड न फिरता बल्क डेटा ब्लॉक (सगळे आकडे एकदम देणारे) वापरले, नाहीतर मोठ्या फाइलवर चहा थंड होतो.

आकडे बघताना आमच्या डिझाइनच्या नियमांतली एक ओळ आठवली. 50 मिमी लांबीच्या पॅडची रुंदी 50 नको, 51 ठेवा, स्ट्रेस जवळजवळ निम्मा होतो. त्याचा आलेखही आहे, जिन्यासारखा. 5000 भागिले 2500 म्हणजे 2. 5000 भागिले 2550 म्हणजे 1.96, आणि जुन्या हिशोबात 1. एक मिलिमीटर रुंदी वाढवून स्ट्रेस अर्धा होत असेल तर ते यंत्रशास्त्रात कुठे बसतं, हे त्या बैठकीत बसलेल्या इतक्या अनुभवी लोकांपैकी एकानेही विचारलं नाही. आलेख संगणकातून आला होता.

आणि 9 मिमी प्लेटच्या त्याच ब्रॅकेटची चाचणी झाली होती. स्ट्रेन गेज (भाग किती ताणला जातो ते मोजणारी पट्टी) लावून, खरे 5000 न्यूटन टाकून. गेजचा आकडा आमच्या आकड्यापेक्षा सुमारे 6 टक्के जास्त आला होता. रिपोर्टमध्ये कारण दिलंय: गेज किंचित तिरका चिकटवला गेला असावा. चाचणी विभागातल्या तंत्रज्ञाने तो काढून पुन्हा चिकटवला, पुन्हा तेच आलं, आणि तरी वाक्य तसंच राहिलं. मी त्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, “तेव्हाच म्हटलं होतं साहेब, गेज सरळ आहे.”

सगळे रिपोर्ट दुरुस्त करायचे की जिथे मर्यादा ओलांडली जातेय तेवढेच, यावर अजून वाद चालू आहे. सहकाऱ्याचं म्हणणं, त्याने सांगितलं तेच केलं, आणि ते खरंच आहे. कसोटीच जुन्याशी जुळण्याची होती. मी आता प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी प्रतिक्रियांची बेरीज सीएसव्हीतल्या बलाशी ताडून बघतो आणि अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबवतो. त्यामुळे रात्री लावलेले रन मध्येच पडतात, अशी दोघांची तक्रार आलीय. रिपोर्ट बदलाच्या फॉर्मात कारण निवडावं लागतं: आवृत्ती बदल, भूमिती बदल, लोड बदल, इतर. मी ‘इतर’ निवडून पुढे ‘भागाकार’ लिहिलं होतं. फॉर्म परत आलाय, सविस्तर लिहा म्हणून.