फायबर वाढवलं तरी शुगर हलेना, मग कळलं चूक कुठे होती

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आला, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावरच (५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस धरतात). डॉक्टर म्हणाले फायबर वाढवा. बास, एवढंच. मी आपला गव्हाचा कोंडा आणला आणि दिसेल त्यात ढवळून खायला लागलो. आठवडाभर पोटाचा नुसता नगारा आणि जेवल्यावर २ तासांची शुगर तीच, १७०-१७५.

मग जरा वाचलं तर कळलं की कोंड्यातलं फायबर बहुतेक न विरघळणारं, त्याने पोट साफ होतं पण जेवणानंतरच्या शुगरवर त्याचा फारसा जोर चालत नाही. तिथे लागतं विरघळणारं, म्हणजे ओट्स, डाळी, राजमा, इसबगोल यातलं. इसबगोल पाण्यात टाकून १० मिनिटं विसरून बघा, ग्लासात सगळं गिळगिळीत घट्ट होऊन बसतं. पोटात पण तसंच होतं, अन्न हळू पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम न घुसता थोडी थोडी जाते.

आता मला आकडाच बघायचा होता. तेवढाच वाटीभर भात, वेगवेगळ्या दिवशी. आधी भात आणि थोडी भाजी, १७२. नंतर पहिले काकडी-गाजर, मग घट्ट डाळ आणि भात शेवटी, तर १४१! घरचा शुगर मीटरच १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो म्हणून तीन-तीनदा केलं, फरक टिकला. (२ तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, मी चार दिवस हात धुतल्यापासून मोजत होतो, ते आकडे गेले वाया.) आणि एकदा सफरचंद चिरून तसंच बोट टोचलं तर २१८, घाबरून साबणाने हात धुऊन परत घेतलं तर १३४, बोटाला रस लागलेला हो!

फायबर हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, माझ्यासारखं एकदम नको. इसबगोल आणि गोळ्या एकत्र घेऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही, आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा कारण शुगर खाली घसरू शकते.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ५.८ आला. डॉक्टर वही बघून म्हणाले, मग कोंडा सोडला का? म्हटलं नाही, तो पोटासाठी चालू आहे.