सात नंबरची पेटी

मार्चअखेरीस महाबळेश्वरच्या उतारावरच्या एका गावात गेले होते. आबांच्या परसात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, अकरा पेट्या. दर पेटीतून एक कामकरी माशी अल्कोहोलच्या कुपीत घालायची, चिठ्ठी लावायची, एवढंच काम. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या भागाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि पेटीतल्या साऱ्या एकाच राणीच्या लेकी, म्हणून एक माशी पुरते. डोंगरातल्या काळ्या आणि सपाटीवरच्या पिवळसर सातेरीचं कूळ मला तपासायचं होतं. गोव्यापासून केरळपर्यंतच्या काळ्या माशीला २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘एपिस करिंजोडियन’ ही वेगळी जात म्हटल्यापासून हा प्रश्न डोक्यातून जात नव्हता.

सातव्या पेटीची चौकट आबांनी उन्हात धरली. अर्ध्या माश्या काळ्या, अर्ध्यांच्या पोटावर पिवळे पट्टे.

“हिची आई मी वरच्या ढोलीतून आणली व्हती. समद्या काळ्या व्हत्या तवा.”

मी म्हटलं, “रंगावर जाऊ नका आबा. थंडीत वाढलेली माशी गडद निपजते.”

“मग एकाच पोळ्यावर, एकाच उबेत दोन रंग कसं गं पोरी?”

मी गप्प झाले. बरोबर होतं त्यांचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी कोकणातून चार पेट्या आणल्या होत्या. नवी राणी उडताना दहाहून जास्त नरांशी जुगते. माझी एक माशी आईचं कूळ सांगून मोकळी झाली असती, बाप कुठले ते तिच्यातून कळलंच नसतं.

आबांनी काडीने नरांची घरं दाखवली. प्रत्येक टोपीला सुईच्या टोकाएवढं भोक. नर फळल्याविना राहिलेल्या अंड्यातून होतो, त्याला बाप नसतो. त्याचा डीएनए म्हणजे निव्वळ राणीचा. कामकरी माशीच्या डीएनएतून तेवढा वजा केला की बाप उरतो. मी एका कुपीत तीस कामकरी घेतल्या, दुसरीत आठ नर.

१९९१ नंतर थाई सॅकब्रूड या अळ्या मारणाऱ्या विषाणूच्या साथीत दक्षिणेतल्या सातेरीची घरंच्या घरं बसली. जी वाचली त्यांच्यात काय होतं, ते त्या त्या जागच्या माशीतच शोधावं लागणार. आणि आपण पेट्या टेम्पोत घालून घाट चढवतो-उतरवतो, कोणती कुठली याची कुठे नोंदही नाही. मला याची फार काळजी वाटते. तसं बोलले आबांशी.

त्यांनी कोळसा आणला आणि झाकणावर लिहिलं: “राणी इथली. तिची आई वरच्या ढोलीतली. बाप”. पुढची जागा कोरी ठेवली.