वाचनालयातले पाच संगणक: विंडोज कुठे ठेवलं, लिनक्स कुठे टाकलं

गिरगावातल्या एका वाचनालयाच्या सेक्रेटरींनी ऑक्टोबर २०२५ मध्ये बोलावलं, तेव्हा कमिटीचा निर्णय जवळपास झालेलाच होता. "विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपला. विंडोज अकरा आमच्या मशीनवर चालत नाही म्हणतात. वाचकांचे कॉम्प्युटर तर सारखे अडकतात. सगळीकडे लिनक्स टाका आणि मोकळे व्हा." लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. पैसे वाचवायचा विचार होता, आणि तो रास्तही होता. मी म्हटलं, आधी प्रत्येक टेबलावर काय काम चालतं ते बघू, मग ठरवू.

वाचकांच्या खोलीत तीन संगणक, चौथ्या पिढीचे कोअर आय३, चार जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्क. कार्यालयात हिशेब आणि देवघेव सांभाळणाऱ्या ताई बसतात तिथे सहाव्या पिढीचा आय५. त्यावर हिशेबाचं टॅली, मराठी टायपिंगचं श्रीलिपी आणि पुस्तकांच्या देवघेवीचा व्हिज्युअल बेसिकमधला जुना प्रोग्रॅम, मागे ॲक्सेसची, म्हणजे नोंदी साठवणारी डेटाबेस फाइल. पाचवा कमिटीच्या खोलीत, आय३-८१००, म्हणजे आठव्या पिढीचा. इंटेलमध्ये विंडोज ११ ची अधिकृत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, सोबत टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय) लागतं. म्हणजे अकरा चालवू शकणारा एकुलता एक संगणक ईमेल आणि व्हिडिओ मीटिंगसाठी वापरला जात होता, आणि ज्या टेबलावर विंडोजशिवाय पान हलत नाही तिथे अकरा न चालणारा संगणक होता.

आधी अडकण्याचं बघितलं. इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्यातल्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ आणि १५३ क्रमांकाच्या नोंदी ओळीने होत्या. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये दोन डिस्कांवर 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे धड वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, शून्याच्या वर गेलेला. अशा डिस्कवर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी अडकणारच. तिसऱ्या मशीनची डिस्क ठीक होती, पण निळा पडदा येत होता. चौपाटी जवळ, हवा खारट आणि दमट, रॅमच्या पट्टीचे सोनेरी संपर्क काळवंडलेले. वीज काढून, पट्टी बाहेर काढून संपर्क खोडरबराने हलके पुसले, भुगा झटकला, पट्टी परत बसवली आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ ची एक पूर्ण फेरी होऊ दिली. एकही चूक आली नाही. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २४० जीबीच्या तीन एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क, आणल्या.

पुढची पायरी मी मुद्दाम सेक्रेटरींसमोर केली. एका मशीनवर एसएसडी घालून आधी विंडोज १० च टाकून दाखवलं. ते झटपट उघडलं. हा वेग एसएसडीचा आहे, त्याचं श्रेय लिनक्सला द्यायचं नाही, हे त्यांनी स्वतः पाहणं गरजेचं होतं. नाहीतर ताईंच्या टेबलाचा निर्णय भलत्याच कारणाने झाला असता.

ताईंचं टेबल विंडोजवरच राहायला हवं होतं. टॅली थेट लिनक्सवर चालत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधून चालवायचे उपाय आहेत, पण संस्थेचे हिशेब त्यावर सोडणं मला पटत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींची अडचण त्याहून मोठी. त्यात युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखं दिसणारं मराठी नसतं, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर वार्षिक सभेची नोटीस उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शिवाय ताईंची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली आहेत. सोयीचं म्हणजे काय, हे त्या टेबलापुरतं ताईंच्या बोटांनीच ठरवायचं.

म्हणून टेबलं बदलायला सांगितलं. कमिटीच्या खोलीतला संगणक कार्यालयात, कार्यालयातला कमिटीकडे. याला थोडी नाराजी झाली, पण नव्या संगणकाचा खर्च टळतो म्हटल्यावर मिटली.

आय३-८१०० वर विंडोज लेगसी बूटने, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं होतं. अकरासाठी यूईएफआय ही नवी पद्धत आणि डिस्कची मांडणी एमबीआरऐवजी जीपीटी लागते. इथे क्रम चुकला की माणूस घाबरतो. आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन यूईएफआय केलं तर जुनं विंडोज उठतच नाही. आधी विंडोजमध्येच 'एमबीआर टू जीपीटी' हे डिस्कची मांडणी बदलणारं मायक्रोसॉफ्टचं साधन व्हॅलिडेट (फक्त तपासणी) पर्यायाने चालवायचं. ते पहिल्यांदा नापास झालं आणि कारण नेहमीचं होतं. असेंबल करणाऱ्याने सी, डी, ई असे ड्राइव्ह पाडलेले, त्यातला ई एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये, म्हणजे एका भागाच्या पोटात पाडलेल्या भागात. या साधनाला फक्त प्रायमरी पार्टिशन चालतात आणि तीही तीनपर्यंतच. ई मधला सगळा मजकूर बाहेरच्या डिस्कवर घेतला, उघडून तपासला, मग ते पार्टिशन काढलं. व्हॅलिडेट पास झाल्यावर कन्व्हर्ट, त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूटची सोय) बंद, यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू. टीपीएमची वेगळी चिप नव्हती. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणारं 'पीटीटी' चालू केलं की तेच टीपीएम २.० म्हणून दिसतं. मग अकराचं अपग्रेड विनातक्रार झालं.

रूफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने अटी वगळून जुन्या मशीनवरही अकरा टाकता येतं. घरी हौसेने करायला हरकत नाही, पण पुढची मोठी अपडेट्स मिळतीलच याची खात्री नाही, म्हणून संस्थेच्या कामाला मी ते वापरत नाही.

टॅलीचं लायसन्स आधी जुन्या मशीनवर सरेंडर करायचं, मगच नव्यावर ॲक्टिव्हेट. आधी फॉरमॅट केलं तर फोनाफोनीत दिवस जातो. श्रीलिपीच्या डोंगलचा (लायसन्ससाठी यूएसबीत लावायच्या किल्लीचा) जुना ड्रायव्हर अकरामधल्या 'मेमरी इंटिग्रिटी' या संरक्षणाने अडवला. ते संरक्षण बंद करा असं सांगणारे बरेच भेटतात. ते चालूच ठेवून नवा ड्रायव्हर घातला.

वाचकांच्या तिन्ही संगणकांवर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती टाकली. चार जीबीला मिंटचा मुख्य डेस्कटॉप सिनॅमन जड पडतो. कमिटीच्या आय५ मध्ये आठ जीबी होते, तिथे सिनॅमन. या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वायफाय, आवाज आणि मराठी टायपिंग बघून घेतलं.

वाचकांच्या खोलीत लिनक्स आणण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण त्यांच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये सापडलं. लोकांनी उतरवलेली आधार कार्डं, गुणपत्रिका, पॅन कार्डं तशीच पडलेली. बसेल त्याने उघडावीत! मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन'ला परवानगी दिली की वाचक उठून लॉगआउट झाला की त्याच्या फाइली आणि ब्राउझरमधली लॉगिनं पुसली जातात. त्यासोबत टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमचे रोजचे स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमच्या त्या दिवशीच्या प्रती, लावले. अपडेटने काही बिघडलं तर सिस्टिम आदल्या दिवशीवर नेता येते. वाचकांच्या फाइली त्यात घ्यायच्याच नाहीत.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाणित मांडणी जोडली, उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस या टायपिंगच्या साधनातून फोनेटिक. लिब्रे ऑफिसमध्ये देवनागरीचा फॉण्ट रोमनपेक्षा वेगळ्या खान्यात असतो. पर्यायांमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'साठी मराठी निवडून तिथला फॉण्ट ठरवला नाही, तर माणूस फॉण्ट बदलत राहतो आणि मराठी मजकूर हलत नाही.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा प्रश्न फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवण्याचा होता. फोटो सुधारायच्या गिंप या प्रोग्रॅममध्ये जेपीईजी एक्स्पोर्ट करताना प्रीव्ह्यूची खूण केली की क्वालिटी खाली ओढताना फाइलचं वजन समोर दिसतं. मुलांनी ते लगेच उचललं. एक निवृत्त गृहस्थ जीवन प्रमाणाचं, म्हणजे पेन्शनसाठीच्या हयातीच्या ऑनलाइन दाखल्याचं विचारत होते. ते ताईंच्या टेबलावरच, कारण बोटांच्या ठशाच्या यंत्राला लागणारा 'आरडी सेवा' हा प्रोग्रॅम विंडोजवर किंवा अँड्रॉइडवर चालतो. नाहीतर फोनवरून चेहरा दाखवून.

प्रिंटर मात्र अडला. जुन्या धाटणीचा लेझर, जो पान स्वतः तयार करत नाही, संगणकाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतो. विंडोजवरून शेअर केला तरी लिनक्सला त्याचा ड्रायव्हर लागतोच. म्हणून वाचकाने पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची, ताईंनी पैसे घेऊन प्रिंट द्यायची आणि फाइल पुसायची, असं ठरलं. पुढचा प्रिंटर घेताना खोक्यावर 'एअरप्रिंट' लिहिलेलं बघा, असं सेक्रेटरींना सांगितलं आहे. त्याला लिनक्समध्ये सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

"दोन्ही टाकून द्या ना, हवं ते उघडतील," असंही कमिटीतून आलं. सार्वजनिक संगणकावर असं ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टिम, मी करत नाही. लिनक्स मशीनचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक पडतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर उठण्याची सोय) चालू राहिलं तर त्याचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडतं आणि वाचक म्हणतो, सेव्ह होत नाही.

आता उरलं आहे देवघेवीच्या प्रोग्रॅमचं. ॲक्सेसची फाइल रोज बंद करताना पेनड्राइव्हवर जाते. त्यातली पुस्तकांची नावं जुन्या फॉण्टमध्ये आहेत. ती युनिकोडमध्ये आणून कोहा या ग्रंथालयांच्या मोफत प्रणालीमध्ये भरायची, म्हणजे ताईंची देवघेव ब्राउझरमध्ये येईल. कादंबऱ्यांच्या कपाटापासून सुरुवात केली आहे. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, त्यामुळे प्रत्येक नाव पुस्तकाच्या पाठीशी ताडून बघावं लागतं.